ओढ्यावरची वीज आणि मी बंद केलेला गीझर

ऑक्टोबर उजाडला की इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमधल्या समस्त मराठी मंडळींना रंग बदललेली झाडं बघायची घाई होते. ‘फॉल कलर्सला कुठे?’ असं एकमेकांना विचारायचं, सगळ्यांनी एकाच शनिवारी एकाच घाटरस्त्यावर गाड्या काढायच्या आणि घरी येऊन ट्रॅफिकबद्दल बोलायचं. मीही दरवर्षी हेच करते. यंदा मात्र आम्ही वेगळी वाट धरली, वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात गेलो. तिथे मी झाडं कमी पाहिली आणि वीज जास्त. ती वीज एकदा घालवलीसुद्धा. कशी, ते येईलच पुढे, लपवून काय करायचंय!

आमच्या शेजारी नवराज आणि सम्झना हे नेपाळी जोडपं राहतं. नवराज इथल्या एका डेटा सेंटरमध्ये इलेक्ट्रिकलचं काम बघतो. आमच्या लेकीच्या मित्रमैत्रिणींचं ऐकून तोही मला काकू म्हणायला लागला. गेल्या वसंतात त्याने आपल्या वडिलांना नेपाळहून इकडे आणलं. आई गेली, बा गावी एकटे, तेव्हा मुलाने दुसरं काय करावं? मी त्यांना दाजू म्हणते, म्हणजे मोठा भाऊ. ते मला बहिनी म्हणतात. तरुणपणी काही वर्षं देहरादूनला काम केल्यामुळे त्यांचं हिंदी झकास आहे. आमचं सगळं बोलणं हिंदीतच झालं, इथे मी ते मराठीत लिहितेय.

दाजू गावचं पॉवरहाउस चालवायचे. पॉवरहाउस म्हणजे डोंगरातल्या ओढ्यावर बसवलेलं छोटं जलविद्युत यंत्र, एका खोलीत मावणारं. गाव उजळेल एवढी वीज त्यातून निघायची. अख्खा जन्म ज्याने गावाला दिवे दिले, तो माणूस अ‍ॅशबर्नच्या टाउनहाउसमध्ये सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसायचा. टीव्ही लावू का, असं सुनेला विचारायचा. काहीही सांगा, उत्तर एकच, ‘अच्छा.’ मला बघवत नसे हो. शेवटी त्यांनीच मुलाला तिहारच्या आधीचं, म्हणजे त्यांच्या दिवाळीच्या आधीचं काठमांडूचं तिकीट काढायला लावलं. फक्त जाण्याचं.

नवराजने तिकीट काढलं, पण पोटात एक बेत ठेवला होता. डोंगरात ओढ्याकाठी एक जुनं लाकडी घर त्याने घेतलं होतं आणि उन्हाळाभर दर वीकेंडला तिथे खपून, परवानग्या काढून, बांना न सांगता एक छोटं पॉवरहाउस उभं केलं होतं. ते दाखवलं की बा विरघळतील आणि तिकीट कॅन्सल करू म्हणतील, अशी त्याची आशा. ‘काकू, तुम्ही दोघं चला ना बरोबर. तुमच्याशी ते बोलतात तरी.’ माझा नवरा सुधीर कॅमेरा कुठे ठेवलाय ते शोधायलाही लागला होता. मी थालीपिठाची भाजणी आणि ठेचा बांधून घेतला.

शुक्रवार

अ‍ॅशबर्नमधून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना डेटा सेंटर्स लागतात. लांबलचक, बिनखिडक्यांची खोकी, आणि त्यांच्याकडे झेपावणाऱ्या विजेच्या जाडजूड तारा. आम्हाला रोजचंच ते. दाजू मात्र काचेला नाक लावून बघत होते. ‘आत माणसं राहत नाहीत, मग एवढी वीज कोणाला?’ नवराजने गाडी चालवता चालवता समजावलं, फोनवरचे फोटो, व्हिडिओ, बँकेचे हिशेब, सगळं त्या इमारतींमध्ये असतं. दाजू ‘अच्छा’ म्हणाले. सुधीरने लगेच हातातल्या फोनवरचे फोटो डिलीट करायला घेतले. हा माणूस कधी गंभीर आणि कधी चेष्टेत, मला अजून कळत नाही.

मधला हायवे सोडून देते, हायवेचं काय सांगायचं! डोंगर सुरू झाले आणि अमेरिकाच बदलली. दुकानांना लावलेल्या फळ्या, रंग उडालेली चर्चेस, अंगणात गंजत पडलेल्या गाड्या, वळणावळणाचा अरुंद रस्ता. हा सगळा कोळशाचा मुलूख. देशभर दिवे लावले आणि स्वतः मागे राहिला. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आपण न्यूयॉर्क दाखवतो, नायगारा दाखवतो, हे कोणी दाखवत नाही. ‘आपल्या वेल्ह्याकडे आल्यासारखं वाटतंय,’ सुधीर म्हणाला. ‘नाही काका, हे आमच्याकडचं आहे,’ नवराज म्हणाला, ‘फक्त खेचराच्या जागी पिकअप ट्रक.’ आणि खरंच, मागच्या सीटवर दाजू पहिल्यांदा ताठ बसले होते.

घर छान निघालं. मागे मेपलचं रान, लाल-केशरी, नुसतं पेटलेलं. वरून खळाळत येणारा ओढा. आणि त्या ओढ्यापासून उतारावरून खाली आलेला एक जाड काळा पाइप, पाइपाच्या टोकाला पत्र्याची खोली. दाजू गाडीतून उतरले, त्यांनी पाइपाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. त्यांना काय ते तिथेच कळलं होतं.

नवराजने उत्साहाने खोली उघडली. पाइपातलं पाणी चाकावर आदळतं, चाक फिरतं, चाकाचा पट्टा जनरेटर फिरवतो, वीज घरात जाते. मलासुद्धा समजलं, म्हणजे बघा. मग त्याने फोन काढला. ‘बा, हे बघा, सगळं फोनवर दिसतं. पाणी किती, वीज किती. काही झालं तर मला अ‍ॅशबर्नमध्ये मेसेज येतो. तुम्हाला काहीच करायचं नाही, सगळं ऑटोमॅटिक आहे. तुम्ही फक्त इथे यायचं आणि आराम करायचा.’

‘अच्छा,’ दाजू म्हणाले आणि व्हरांड्यात जाऊन ओढ्याकडे पाठ करून बसले.

नवराजचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची दया आली आणि रागही आला. पण राग तरी कोणत्या तोंडाने करायचा? माझे सासरे आमच्याकडे यायचे तेव्हा आम्हीही हेच म्हणायचो, तुम्ही आराम करा, कशाला हात लावू नका. आपण सगळेच म्हणतो. त्यात प्रेम असतं, खोटं नाही सांगत.

संध्याकाळी सम्झनाने ढिंडो केला. कोदोचं, म्हणजे आपल्या नाचणीचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून घोटून केलेला घट्ट गोळा. आपल्या उकडीचा भाऊच, पण मीठसुद्धा नसलेला. सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचा आंबट रस्सा. पहिला घास घेतला आणि मनात म्हटलं, अरे देवा. तिसऱ्या घासाला ठेच्याचा कण लावला आणि मग मात्र मी ताट सोडलं नाही. दाजूंनी ठेचा चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी आणखी मागितला. तेवढ्यावर त्यांची जीभ मोकळी झाली.

गावातलं पॉवरहाउस कसं आलं ते त्यांनी सांगितलं. रस्ता नव्हताच, तेव्हा पाइप, जनरेटर, तारा, सगळं लोकांनी पाठीवर वाहून नेलं. दिवसा त्याच पाण्यावर गिरणी चालायची, अंधार पडला की दिवे. वीज बेताची, त्यामुळे ऐन संध्याकाळी कोणी चोरून हीटर लावला की सगळ्या गावाचे दिवे पिवळे पडायचे, आणि दाजू कड्यावर उभे राहून त्या घराच्या नावाने हाका मारायचे. ‘नाव घेऊन?’ मी विचारलं. ‘आजोबाच्या नावापासून सुरुवात करायचो,’ ते म्हणाले. आम्ही सगळे हसलो. मग सरकारी लाइन आली, खांब आले, आणि पॉवरहाउसला कुलूप लागलं.

‘वाईट वाटलं असेल,’ मी म्हटलं.

‘वाईट कसं, बहिनी? लाइन आली ते चांगलंच झालं. आता हव्या तेवढ्या घरात हीटर लावा.’ त्यांनी ताट बाजूला सरकवलं. ‘फक्त दुसऱ्या दिवशी कोणी बोलवायला आलं नाही.’

शनिवार

आता माझा प्रताप.

सकाळी आभाळ भरून आलेलं, थंडी मी म्हणत होती. घरात दिवे लागलेले, सम्झना तेलात सेल रोटी सोडत होती. सेल रोटी म्हणजे तांदळाच्या पिठाची गोड, बांगडीसारखी पुरी. मी अंघोळ केली. पाणी असं कढत की तिकडे नागपूरच्या घरच्या बंबाची आठवण यावी. बाहेर आले तर बाथरूमशेजारी भिंतीवर चक्क गीझरचं बटण, आणि त्यावर लाल दिवा!

अमेरिकेत गीझरला बटण नसतं हो. तो बेसमेंटमध्ये कुठेतरी चोवीस तास जळत असतो आणि आपण इतकी वर्षं मन मारून जगत असतो. इथे समोर लाल दिवा जळतोय, सगळ्यांच्या अंघोळी झाल्यात, आणि मी बघत उभी राहू? आमच्या घरात ‘गीझर बंद केलास का?’ हे वाक्य ‘जेवलास का?’च्या आधी यायचं. मी बटण बंद केलं. हात लागलाच होता, म्हणून मधल्या खोलीतले दिवे बंद केले, रिकाम्या खोलीतला हीटर बंद केला, वरच्या मजल्यावरचे दिवे बंद केले. केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू!

ते समाधान जिन्यापर्यंत टिकलं. स्वयंपाकघरातले दिवे अचानक लख्ख पांढरे झाले. एक बल्ब फट्‌ करून गेला, पाठोपाठ दुसरा. ओढ्याकडून एक विचित्र आवाज चढायला लागला, वरच्या पट्टीत, आणखी वरच्या पट्टीत. मग फटाक! आणि अंधार. नवराज फोनकडे बघत ओरडला, ‘काय झालं? हे काय झालं?’ पण वीज गेली तसं घरातलं इंटरनेटही गेलं होतं, फोनवर नुसतंच चाक गरगरत होतं.

व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. दाजू सपातांवर, स्वेटरही न घालता, उतारावरून पळत सुटले होते. मागोमाग नवराज, त्याच्या मागे मी, सगळ्यात शेवटी कॅमेरा सांभाळत सुधीर. आम्ही पोचेपर्यंत दाजूंनी पाइपावरच्या व्हॉल्व्हचं मोठं चाक फिरवून पाणी तोडलं होतं. आवाज हळूहळू खाली आला. जनरेटरचा पट्टा निसटून कोपऱ्यात पडला होता, कडेने पार उसवलेला.

दाजू धापा टाकत माझ्याकडे वळले. माझ्याकडेच का, देव जाणे. चेहऱ्यावर दिसत असेल.

‘बहिनी, गीझर किसने बंद किया?’

मी कबूल केलं. दुसरं काय करणार! मग नवराजने मला समजावलं. इथे पाणी वाहतच राहतं, चाक फिरतच राहतं. घरात जी वीज वापरली जात नाही ती कुठेतरी जिरवावी लागते, आणि ती त्याने त्या गीझरमध्ये जिरवली होती. मी ती जागाच बंद केली आणि वर दिवेही मालवले. चढावर सायकल मारताना चेन निसटली की पाय कसे रिकामे गरगरतात, तसं ते चाक सुटलं. म्हणजे या घरात वीज वाचवणं हाच गुन्हा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या कष्टाने पोराने वडिलांसाठी उभं केलेलं, आणि मी ते पहिल्याच सकाळी मोडलं.

आणि दाजू हसायला लागले. खो खो. ‘आमच्या गावात पण एक बाई होती,’ ते म्हणाले, ‘ती बल्बवर फुंकर मारायची.’ इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. नवराजनेही पाहिलं नव्हतं बहुतेक, तो वडिलांकडे नुसता बघत राहिला.

मग मात्र बाप-लेकांची जुंपली. ‘असल्या ठिकाणी बटण ठेवतात का?’ असं दाजू. ‘बा, नियम आहे, बंद करायची सोय लागतेच,’ असं नवराज. ‘मग पट्टा सैल का ठेवलास?’ ‘सैल नव्हता!’ ‘होता!’ नेपाळीत चाललं होतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. वीज कमी-जास्त सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या डब्यातलं काय जळलं यावर दाजूंनी छातीठोकपणे जे सांगितलं ते साफ चुकीचं निघालं, नवराजने मीटर लावून दाखवलं. दाजूंनी जरा गुरगुरून मान्य केलं आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्याच हातातून काढून घेतला. मुलाने बटणावर एक पत्र्याचं झाकण ठोकलं. सुधीरने त्यावर मराठीत लिहिलं, ‘हात लावू नये’. एवढ्या घरात मराठी वाचणारी दोनच माणसं, त्यातला एक तो स्वतः.

पट्टा कुठून आणायचा? ओढ्यापलीकडे डेल नावाचे एक म्हातारे गृहस्थ राहतात, कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले. वीज गेल्याचं दिसलं म्हणून तेच चौकशीला आले होते. त्यांनी उसवलेला पट्टा बोटांनी चाचपला, घरी गेले आणि गवत कापायच्या यंत्राचा जुना पट्टा घेऊन आले. फिट्ट बसला! सोबत सफरचंदाचा घट्ट मुरांबा, त्याला ते अ‍ॅपल बटर म्हणतात. आम्ही त्यांना सेल रोटी दिली, त्यांनी ती त्याच मुरांब्यात बुडवून खाल्ली. डेलना हिंदी येत नाही, दाजूंना इंग्लिश येत नाही, पण दोघं म्हातारे दुपारभर त्या पत्र्याच्या खोलीसमोर बसून एकमेकांना हातवारे करून काहीतरी सांगत होते. अंधार पडायच्या आत घरात दिवे आले. सम्झनाने टाळ्या वाजवल्या. मी खिशात हात घालून उभी राहिले.

रविवार

उठून पाहते तर दिवे मंद. आता मी काय केलं?

मी काही केलं नव्हतं. रात्री वारा सुटला होता आणि रानातली पानं झडून ओढ्यात आली होती. वर जिथे पाणी पाइपात शिरतं तिथे एक जाळी आहे, ती पानांनी गच्च भरली होती. दाजू पहाटेपासून तिथेच होते, डेलचे रबरी बूट घालून गुडघाभर पाण्यात, हातात पालापाचोळा ओढायचा पंजा. आदल्या दिवशी ज्या पानांचे सुधीरने फोटोवर फोटो काढले, ती लाल-सोनेरी पानं हे पंज्याने ओढून काठावर फेकत होते, शिव्या देत. शिव्या नेपाळी होत्या, पण आजोबापासून सुरुवात होत असावी. मी खालून थालीपीठ घेऊन गेले. ते त्यांनी पाण्यात उभ्या उभ्या खाल्लं.

‘बहिनी, ही पानं अजून किती दिवस पडतात?’

‘नोव्हेंबरभर तरी,’ मी म्हटलं. ‘मग बर्फ.’

‘बर्फ,’ ते म्हणाले आणि जाळीकडे बघत राहिले.

दुपारी आम्ही सामान गाडीत भरलं. नवराजने बांची बॅगही मागे ठेवली. सोमवारी त्याची ड्यूटी, उशीर होत होता. दाजू खाली आले, बूट काढले नव्हते, त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, आपली बॅग उचलली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली.

‘बा?’

‘तुम्ही जा. ही जाळी दिवसातून दोनदा साफ करावी लागणार.’

‘बा, मी दर वीकेंडला येईन ना. आणि तुमचं तिकीट?’

‘पुढे ढकल. बर्फ वितळल्यावर बघू. गारठ्यात पाणी कसं गोठतं ते डेलने दाखवलंय, पाइप झाकावा लागेल.’

नवराजला वडील हवे होते, पण आपल्या घरात, शेजारच्या खोलीत, रोज रात्री जेवायला समोर. हे असं तासन्‌तास दूर, रानात नव्हे. ‘एकटे कसे राहाल?’ तो म्हणाला. मी मध्ये पडणार होते, सवय आहे ना. सुधीरने माझा दंड धरला. आयुष्यात एकदा तरी त्याने वेळेवर काही केलं.

सम्झना म्हणाली, ‘मी थांबते दोन आठवडे. लॅपटॉप आहे, काम इथूनही होईल. पुढचं पुढे.’ ओढ्यापलीकडून डेलनी हात वर केला, त्यांना काय समजलं होतं कोण जाणे.

नवराज तरी हलेना. ‘बा, हे तुमच्यावर ओझं टाकायला नव्हतं केलं मी. तुम्हाला आराम...’

‘आराम!’ दाजूंचा आवाज असा चढला की मी दचकून मागे झाले. मग त्यांनी त्याला झापलं. पोटभर. पट्टा सैल ठेवलास, जाळी बारीक घेतलीस, बटण भलत्या जागी, खोलीचं दार उलटं उघडतं. शिकलेला ना तू? शनिवारी येताना नवीन पट्टा आण, दोन आण, ग्रीस आण, जाड जाळी आण, आणि लवकर ये, दुपारी उगवू नकोस! सम्झनाने मला भराभर अर्थ सांगितला, पण गरज नव्हती. एवढा मोठा इंजिनिअर मान खाली घालून ‘हो बा, हो बा’ करत होता.

दाजू वळले आणि ओढ्याकडे चालू लागले. निरोपबिरोप काही नाही.

घाट उतरताना नवराज समोर बघत गाडी चालवत होता आणि डोळे पुसत होता. मला वाटलं, पोराला लागलं फार. मी म्हटलं, ‘मनावर घेऊ नकोस रे. म्हातारी माणसं बोलतात.’

‘नाही काकू,’ तो म्हणाला, आणि बघते तर हा हसत होता. ‘अमेरिकेत आल्यापासून बा आज मला पहिल्यांदा ओरडले.’